येडगावचे पावणे आणि इंग्लंडचा जावई

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांना इंग्लंडच्या एका राजाचं वेड होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना पुरून उरलं. बरं, वेड लागावं असा राजा तरी असावा! ना देखणा, ना दिलदार. हॉलंडहून आलेला, किडकिडीत, बाकदार नाकाचा, दमेकरी आणि वर माणूसघाणा. तिथल्या प्रजेला तो कधी मनापासून आवडला नाही. मी एकदा वैतागून विचारलं, "सर, जगात एवढे राजे झाले, तुम्हाला हाच सापडला का हो?" तर म्हणाले, "बाई, तो जावई होता."

एवढंच. जणू त्यात सगळं आलं.

आलंच होतं म्हणा. सर स्वतः घरजावई. मूळ गाव आणे, पठारावरचं. सासऱ्यांना एकुलती एक मुलगी आणि येडगावला धरणाकाठची बागायत, म्हणून लग्न झालं तसे सर इकडे राहायला आले. आले त्या दिवशी गावानं त्यांना 'पावणं' म्हटलं, ते कायमचं. केस पांढरे झाले, सासू-सासरे गेले, ज्यांना शिकवलं त्यांची पोरं वर्गात येऊन बसली, तरी हे पावणंच. दुकानात गेले की "या पावणं", एसटीत चढले की "सरका रं, पावण्यास्नी बसू द्या." बसू द्या म्हटलं की सर हटकून उभे राहायचे.

तसे ते कुठेच बसायचे नाहीत. मी विज्ञान शिकवते, कळंबहून रोज स्कूटीवर येते, आणि शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची दाराजवळ. माझ्यासमोर हा माणूस अखंड येरझाऱ्या घालायचा. चहा उभ्यानं, डबा खिडकीशी, पेपर तपासणी चालता चालता. मला भोवळ यायची. "सर, टेका की जरा बूड," असं मी किती वेळा म्हटलं असेल! "नको, निघायचंच आहे," म्हणायचे. कुठं निघायचंय ते त्यांनाही ठाऊक नसायचं. महिन्यात एकदा तरी जाहीर करायचे, "बाई, मी चाललो आण्याला. कायमचा. तिकडची हवा कोरडी, माणसं सरळ, आणि आमटी आमटीसारखी असते." शनिवारी शाळा सुटली की पिशवी घेऊन जायचे आणि रविवारी संध्याकाळी मुकाट परत यायचे. काय झालं म्हणून विचारलं तर आधी सांगायचे नाहीत. मग एकदा सांगितलं. आण्याच्या पारावर कुणीतरी त्यांना हाक मारली होती, "काय येडगावचं पावणं, कवा आलात?"

मी हसले. मग हसणं आवरलं, कारण सर हसत नव्हते.

आता त्या राजाचं थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्यानं इंग्लंडच्या राजाच्या पुतणीशी लग्न केलं. पुढे सासरा गादीवर आला आणि त्याचं तिथल्या लोकांशी बिनसलं, तेव्हा लोकांनीच जावयाला बोलावणं धाडलं. जावई फौज घेऊन आला, सासरा समुद्रापार पळाला, आणि गादीवर जावई आणि मुलगी असे दोघं जोडीनं बसले. मुलगी लोकांची लाडकी. जावयाला मात्र त्यांनी कधी आपला म्हटलं नाही. त्याची बोली हेंगाडी, त्याचे दोस्त परके, तो चारचौघांत हसत नाही, अशा शंभर तक्रारी. शेवटी त्याचा घोडा घुशीसारख्या एका जनावरानं उकरलेल्या मातीत अडखळून पडला आणि त्या दुखण्यातून तो उठलाच नाही. तर त्याचे वैरी त्या जनावराच्या नावानं पेले उंचावून दारू प्यायले म्हणे! हे सांगताना सरांचा आवाज दर वर्षी चढायचा. "घुशीचा सत्कार! काय माणसं का कोण!"

यातली एकही ओळ आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. सर तरीही शिकवायचे. एक पालक एकदा तणतणत आले, "सर, डोक्यावर शिवनेरी दिसतोय आन् तुमी हे कुठलं उकरून काढताय?" सर म्हणाले, "शिवनेरीचं तुमच्या पोराला पाळण्यात असल्यापासून येतं. त्यात मी काय भर घालणार? ह्या बिचाऱ्याला मात्र इथं कुणी नाही." पालक हात जोडून निघून गेले. त्यांना बहुधा वाटलं, सरांचा कुणी नातेवाईक असावा.

आणि खिडक्यांचा किस्सा! त्या राजाच्या राज्यात घरांच्या खिडक्या मोजून कर लावत, म्हणून लोकांनी भराभर खिडक्या विटांनी बुजवल्या. सर वर्गात हे असं रंगवून सांगायचे की काल-परवा घडलंय. लंडनचा कोळशाचा धूर, पाण्याऐवजी सकाळी न्याहरीलाच बिअर, नाण्यांच्या कडा कातरून चांदी चोरणारे लोक, देवीच्या वणांनी भरलेले चेहरे. एका पोरानं घरी जाऊन आज्याला सांगितलं, खिडक्यांवर कर बसलाय. आजा पडला हिशेबी. तेवढ्यात घरपट्टी वाढणार अशी गावात कुजबुज होतीच. म्हाताऱ्यानं दुसऱ्याच दिवशी गवंडी लावून गोठ्याची खिडकी बुजवली! मग शाळेत आला विचारायला, "पावणं, ह्यो कर कवापासनं लागू?" सर आनंदानं जवळजवळ ओरडलेच, "तीनशे वर्षांपूर्वीपासून!" मुख्याध्यापकांनी डोक्याला हात लावला. सरांनी काय करावं? अख्खा वर्ग रांगेनं त्या गोठ्यावर नेला आणि बुजवलेली खिडकी दाखवून म्हणाले, "बघा. हुबेहूब असंच झालं होतं." म्हातारा कंबरेवर हात ठेवून शेजारी उभा, मोठ्या अभिमानानं. पुढे कित्येक दिवस तो गोठा ओलांडताना मला हसू आवरायचं नाही.

सरांना दमाही होता. राजालाही होता, तेव्हा तो ठसका सर जरा मानानंच मिरवायचे. आण्याची कोरडी हवा सोडून धरणाकाठच्या दमट हवेत आलेले, त्यात ऊस तुटला की रानोरान पाचट पेटायचं. वहिनींचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, चुलतभाऊ अण्णा. घर भिंतीला भिंत लागून, रान बांधाला बांध लागून. बैलगाडा शर्यतींचा शौकीन, पहाडी आवाजाचा, आणि गावात 'पावणं' ही हाक सगळ्यात मोठ्यानं मारणारा हाच. त्यानं पाचट पेटवलं की धूर नेमका सरांच्या ओसरीवर. सर तोंडावर रुमाल धरून बांधावर जायचे.

"अण्णा, तुम्ही मला धुरानं मारणार एक दिवस."

"मंग सांगा की तुमच्या राजाला, फौज धाड म्हनावं!"

सर तरातरा परत यायचे. त्या दिवसांत ते वरच्या माळावरच्या खोपीत मुक्काम हलवायचे. तो राजाही लंडनचा धूर सोसेना म्हणून गावाबाहेर हवेशीर राहायला गेला होता, त्यामुळे ह्या खोपीला ते सरळ 'राजवाडा' म्हणायचे. वहिनी डबा घेऊन माळ चढायच्या आणि वर पोचल्यावर कंबरेला पदर खोचून म्हणायच्या, "घ्या महाराज, भाकरी आलीया."

वहिनींबद्दल काय सांगू! ट्रॅक्टर चालवायच्या, टोमॅटोच्या व्यापाऱ्याला नारायणगावच्या बाजारात घाम फोडायच्या, आणि गावात कुणाचं अडलं-नडलं तर आधी आक्का आठवायची. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं. सरांसारख्या माणसाशी त्यांनी संसार कसा केला हे कोडं मला पहिल्यापासून होतं. पण एकदा पाहिलं, सर ओसरीवर येरझाऱ्या घालत होते आणि ह्या मिरच्यांची देठं खुडता खुडता, मान वर न करता, त्यांच्याशी बोलत होत्या. सर कोपऱ्यातून वळून आले की वाक्य पुढे सुरू. म्हटलं, जमलंय हे यांचं यांना.

त्यांना मूल नव्हतं. आणि इथं खरा पेच होता. वहिनींना जुन्नरच्या एका वकिलानं समजावून सांगितलं होतं की बाईला बापाकडून आलेलं घर-रान, मूल नसेल आणि मृत्युपत्रही नसेल, तर तिच्या पश्चात नवऱ्याकडे जात नाही. ते बापाच्या माणसांकडे परत जातं. म्हणजे सरळ अण्णाकडे. वहिनी म्हणाल्या, मग मी लिहूनच ठेवते. मी त्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला होते. सरांनी हातातला घास ताटात ठेवला.

"लिहायचं नाही," सर म्हणाले.

"का न्हाई?"

"मी रानासाठी इथं आलो असं गाव पहिल्या दिवसापासून म्हणतंय. तू लिहिलंस की ते खरं ठरलं. त्या राजानं काय केलं? गादीवर बसायच्या आधीच लोकांकडून वदवून घेतलं, बायको माझ्याआधी गेली तरी राज्य माझंच राहील. बायकोच्या पदराला बांधून राहणार नाही म्हणाला. मिळालं त्याला. पण लोक त्याला शेवटपर्यंत लोभी म्हणाले. मला ते नाव नको."

"त्यो शहाणा व्हता मंग तुमच्यापरीस." वहिनी माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी तरी सांगा ह्यांला. म्या मेल्यावर कुठं जातील हे?"

"आण्याला," सर म्हणाले.

"आण्याला वळखतं कोण तुमाला?"

सर उठले आणि ओसरीवर फेऱ्या घालू लागले. मी बोलले, भरपूर बोलले. स्वाभिमान म्हणजे काय आणि आडमुठेपणा म्हणजे काय, याचा तास घेतला म्हणा ना. पालथ्या घड्यावर पाणी. वहिनींनी लिहिलं असतं गुपचूप, पण नवऱ्यानं नको म्हटलेलं त्या पाठीमागे कधी करायच्या नाहीत. तो विषय तिथंच मिटला.

आणि गेल्या पावसाळ्यानंतर तापाचं निमित्त झालं आणि वहिनी गेल्या. चालत्या-बोलत्या बाई. दवाखान्यात नेल्या त्या परत आल्याच नाहीत. मला अजून त्या गावात शिरलं की चुकल्यासारखं होतं.

सरांनी अण्णाला सांगितलं, "तुमची बहीण, तुमचं गाव. अग्नी तुम्हीच द्या." अण्णानं दिला. मग दुखवट्याला माणसं यायला लागली. माणसं येऊन अण्णापाशी बसत होती, अण्णाच्या गळ्यात पडत होती, आणि सर हातात ट्रे घेऊन सगळ्यांना चहा देत फिरत होते! स्वतःच्या बायकोच्या दुखवट्याला! कुणाला खटकलंही नाही. पाहुणा माणूस, हातभार लावतोय. अण्णालाही सरांनी कप दिला, अण्णानं मान खाली घालून घेतला. राणीला देवी आल्या आणि ती गेली तेव्हा तो थंड रक्ताचा राजा शुद्ध हरपून पडला, लहान मुलासारखा रडला, वैऱ्यांनाही दया आली, हे सर वर्गात सांगायचे तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुली डोळे पुसायच्या. स्वतः मात्र कोरडे ठणठणीत. मला राग आला त्यांचा. अहो, रडा ना!

मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, दहाव्याचं जेवण उरकलं की दुपारच्या गाडीनं जातो. पिशवी भरलीय. कुणी जा म्हणायच्या आत गेलेलं बरं."

"आणि तिकडं काय करणार?"

"बघू," म्हणाले, आणि कपबशा विसळायला गेले.

आमच्याकडे दहावा म्हणजे लहानसहान प्रकरण नाही. कुकडी नदीच्या काठी मंडप, माईक, प्रवचन, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. आक्कांच्या दहाव्याला तर गाव लोटलं होतं. एक पुढारी पुढच्या रांगेत सारखे घड्याळ बघत होते, त्यांना आणखी दोन ठिकाणी दहाव्याला पोचायचं होतं. प्रवचन संपलं, पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. पलीकडच्या बाभळीवर चांगले पाच-सहा बसलेले. एक उडाला, पिंडावरून घिरटी घालून परत जाऊन बसला. ऊन चढलं. माणसं एका पायावरची दुसऱ्या पायावर होऊ लागली.

मी विज्ञानाची बाई. मला ह्यात काही अर्थ वाटत नाही. पण तिथं उभी होते तर माझेही डोळे त्या बाभळीवरच.

रिवाज असा की गेलेल्याची इच्छा राहिली असेल ती मागे राहिलेल्यांनी बोलून दाखवायची, वचन द्यायचं. मुंडण केलेला, ओलेता अण्णा हात जोडून पुढे झाला. "आक्के, तुझी गाय म्या माझ्या दावणीला बांधीन, इकणार न्हाई." कावळे जागचे हलले नाहीत. "तुझी टोमॅटोची तोडणी टायमावर करीन. तुझं वर्षश्राद्ध चांगलं करीन." काही नाही. तेव्हा वहिनींची म्हातारी चुलत आत्या, काठी टेकत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "आरं, पोरीचा जीव कशात आडाकलाय ते साऱ्या गावाला ठावं हाय. पावण्याचं बोल की!"

अण्णानं तोंड उघडलं आणि मिटलं. नदीकडे बघत उभा राहिला. माझं तर डोकंच फिरलं. मनात म्हटलं, बघ, रान हातात आलं तर मेल्याची जीभ वळेना! मी बोलायला पुढं सरणार, तेवढ्यात मागून सर आले. गर्दीतून वाट काढत, धापा टाकत, थेट पिंडापाशी.

"आत्या, त्यांना बोलायला लावू नका," सर म्हणाले. "ते कावळ्याला वचन देतील. मला ते कावळ्याच्या मार्फत नकोय." थांबले. श्वास गोळा केला. "अण्णा, घर तुमचं, रान तुमचं. मी तिला लिहू दिलं नाही, माझ्याच हट्टानं. त्यातलं मला काही नको. पण मला आण्याला जायचं नाही. तिकडं माझं कोणी नाही. ती इथं होती. तिचं जे काही आहे ते इथंच आहे." मान खाली गेली. "मला राहू द्या."

आयुष्यात ह्या माणसानं कुणाकडे खडू मागितलेला मी पाहिला नव्हता.

अण्णा जागचा हलेना. मग एकदम भडकलाच. "दहा दिस काय त्वांड शिवलं व्हतं का तुमचं? आवो, म्या रोज तुमच्या दारात येऊन बसत व्हतो. आता बोलतील, मंग बोलतील. तर तुमी माझ्या हातात च्याचा कप देत व्हता! च्या देणाऱ्या माणसाला काय सांगू म्या, ऱ्हावा म्हनून? तुमी म्हनला असता, भीक घालतोय. तोंडावर मारली असती तुमी ती माझ्या, वळखत न्हाई व्हय मी तुमाला?"

सर पिंडाकडे वळून उभे राहिले.

"आन् रडला पन न्हाई तुमी," अण्णाचा आवाज चिरकला. "आमची आक्का गेली, आन् तुमच्या डोळ्याला पानी न्हाई. आमाला वाटलं, ह्यांचं काय, हे जानार उठून. म्या कुनाला थांबवू? आवो, तुमच्या घरातलं मानूस गेलंय. रडा की!"

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते तिथंच ओल्या वाळूत बसले, आणि त्यांच्या छातीतून असा काही आवाज निघाला की मी तोंडाला पदर लावला. आत्या खाली बसली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन थोपटू लागली. आजूबाजूच्या बायका रडू लागल्या. कावळा शिवला की नाही, गुरुजींनी मग दर्भाचा केला की काय, मला विचाराल तर माझं लक्षच नव्हतं. माझं लक्ष अण्णाकडे होतं. तो सरांच्या आणि गर्दीच्या मधे आडवा उभा राहिला होता.

ते पुढारी माईक हातात घेऊन उठले. घड्याळ बघत म्हणाले, "मग आता मी दोन शब्द बोलून घेतो, पुढं मला..."

"थांबा जरा सायेब," अण्णा म्हणाला. "आमच्या घरातलं मानूस रडतंय."